आईच्या पिशवीतली आठ औषधं: ॲसिडिटीची गोळी आणि बीपीची गोळी एकत्र चालते का?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढला आहे. बोलण्याच्या ओघातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा एपिसोड मी साखऱ्याहून रेकॉर्ड करतोय. साखरा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, सोयाबीनची काढणी चालू आहे.

एरवी आपण इथं मोबाईल, ॲप, नोकरी, पगार असल्या गोष्टींवर बोलतो. आज विषय वेगळा आहे. तुमच्या घरात आई, बाबा, मामा, आत्या यांच्यापैकी कोणाला तरी बीपीची गोळी चालू असणार. आणि त्याच माणसाला ॲसिडिटीचाही त्रास असणार. एक गोळी डॉक्टरांनी दिलेली, दुसरी स्वतःच मेडिकलवरून आणलेली. या दोन गोळ्या पोटात गेल्यावर एकमेकींशी कशा वागतात, हा आजचा प्रश्न.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलेला, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळं हे ऐकून कोणाची गोळी बंद करू नका, नवी चालू करू नका. हे ऐकून डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता आले, तर माझं काम झालं.

पिशवी

गोष्ट आमच्या घरातलीच आहे. आईला बीपी निघून सहा वर्षं झाली. पहिली गोळी होती ॲम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम. बीपी आटोक्यात आलं, सगळे खूश. काही महिन्यांनी रात्री छातीत जळजळ सुरू झाली. आईनं आधी सोडा घेतला, मग गुलाबी औषधाची बाटली आणली. मग नात्यातल्या एका बाईनं सांगितलं, "सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल आण, एकदम आराम पडतो." ती कॅप्सूल सुरू झाली आणि तीन वर्षं चालली. ती किती दिवस घ्यायची हे कोणी सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही, आणि मी तर तेव्हा घरी फोनवर फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारायचो.

पुढं पायांवर सूज यायला लागली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. गुडघे दुखायचे म्हणून दुखण्याची गोळी मेडिकलवरून. मग पिंडऱ्यांत रात्री गोळे यायला लागले. एकदा फोनवर म्हणाली, "छातीत फडफड होतंय रे बाबू, पाखरू बसल्यावाणी." मी सुट्टी टाकून आलो आणि तिला नांदेडला एका फिजिशियनकडं नेलं.

त्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातली सगळी औषधं आणा. आईनं कॅरीबॅग टेबलावर रिकामी केली. ॲम्लोडिपिन, लघवीची गोळी, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीची कॅप्सूल, गुलाबी बाटली, सोड्याची पाकिटं, दुखण्याची गोळी आणि लवणभास्कर चूर्ण. एकूण आठ. त्यातली डॉक्टरांनी लिहून दिलेली फक्त पहिली तीन.

डॉक्टरांनी विचारलं, "ताई, यातलं कोणतं औषध कोणत्या औषधासाठी घेताय?"

मला आधी वाटलं ते चुकून बोलले. आईला मात्र बरोबर कळलं. ती म्हणाली, "ती बीपीची चालू झाली तवापासून जळजळ होती, म्हणून ही कॅप्सूल. अन् पाय सुजले म्हणून ही लघवीची."

रक्त तपासलं. पोटॅशियम कमी, मॅग्नेशियम कमी. फडफड तिथून आली असावी, असं डॉक्टरांचं मत पडलं. ईसीजी काढला, हृदयाला इजा नव्हती. त्या रात्री परत येताना गाडीत मी आठही औषधांची नावं मोबाईलवर लिहून काढली. नंतरचे कितीतरी दिवस त्यावर वाचत बसलो. आज सांगतोय ते त्यातून आलेलं आहे.

घाबरायचं कारण नाही ते आधी

सगळ्यांत जास्त घरांत दिसणारी जोडी म्हणजे टेल्मिसार्टन किंवा ॲम्लोडिपिन, आणि सोबत पँटोप्राझोल. या जोडीत थेट भांडण होत नाही. पँटोप्राझोलमुळं बीपीची गोळी निकामी होत नाही, की बीपी एकदम वर जात नाही. त्यामुळं आईबाबांना लगेच फोन करून "ती गोळी फेकून दे" म्हणू नका.

आणखी एक. ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे, त्यांना डॉक्टर मुद्दाम ॲसिड कमी करणारी गोळी देतात, पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून. ती "ॲसिडिटी तर नाही मला" म्हणून बंद करणं धोक्याचं आहे.

आता ॲसिडिटीची औषधं साधारण तीन तऱ्हेची असतात, ते समजून घेऊ. पहिली तऱ्हा तयार झालेलं ॲसिड मारणारी: सोडा, गुलाबी-पांढरी पातळ औषधं, चघळायच्या गोळ्या. दुसरी, ॲसिड तयार करायचा एक सिग्नल अडवणारी: फॅमोटिडिन, रॅनिटिडिन. तिसरी, जठरातला ॲसिडचा पंपच बंद करणारी: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. ज्यांच्या नावाच्या शेवटी "प्राझोल" आहे ती सगळी तिसऱ्या तऱ्हेतली. तिन्हींचं बीपीच्या औषधांशी असलेलं नातं वेगवेगळं आहे, म्हणून "ॲसिडिटीची गोळी चालते का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

एकाच माणसाची दोन औषधं

इथं एक छोटी गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडली. जेम्स ब्लॅक नावाचे स्कॉटिश शास्त्रज्ञ होते. १९६०च्या दशकात त्यांनी प्रोप्रॅनोलॉल शोधलं. हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणाऱ्या, आपण ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतो त्या औषधांतलं हे सुरुवातीचं मोठं नाव. मग त्यांनी पोटाकडं मोर्चा वळवला आणि सिमेटिडिन शोधायच्या कामात पुढाकार घेतला. ते १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं आणि अल्सरचे उपचार बदलून गेले. १९८८ साली ब्लॅक यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासोबत.

गंमत अशी, की ही दोन औषधं एकमेकांशी जमत नाहीत. प्रोप्रॅनोलॉल शरीरातून काढून टाकायचं काम लिव्हर करतं. सिमेटिडिन लिव्हरचं तेच काम हळू करतं. मग प्रोप्रॅनोलॉल रक्तात साचतं, ठोके फार मंदावू शकतात, बीपी जास्त उतरू शकतं. मेटोप्रोलॉल आणि निफेडिपिन यांच्या बाबतीतही सिमेटिडिन असंच करतं.

दोन्ही औषधं उत्तम, शोधणारा माणूस एकच, आणि तरी एकत्र दिली तर हिशेब बिघडतो. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्ही मॉड्यूल वेगवेगळे टेस्ट केले तर पास होतात, एकत्र चालवले की बग निघतो.

सिमेटिडिन आज आपल्याकडं फारसं दिसत नाही. फॅमोटिडिन लिव्हरच्या कामात अशी ढवळाढवळ करत नाही. रॅनिटिडिनची गोष्ट निराळी: त्यात एनडीएमए नावाचा, कॅन्सरचा धोका वाढवू शकेल असा घटक सापडल्यामुळं अमेरिकेनं ते २०२० मध्ये बाजारातून काढायला लावलं, आणि भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळलं गेलं. घरात जुनी पाकिटं असतील तर डॉक्टरांना विचारा.

सोडा: औषध नव्हे, मीठच समजा

आमच्याकडं जळजळ झाली की पहिला उपाय सोडा. खायचा सोडा पाण्यात टाकून, नाहीतर फेस येणारी पावडर. ढेकर येतो, मोकळं वाटतं. पण खायच्या सोड्यात सोडियम असतं, जे मिठात असतं तेच. एक सपाट चमचा सोड्यात साधारण १२५० मिलिग्रॅम सोडियम असतं. अर्ध्या चमच्यात सहाशेच्या वर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ.

म्हणजे अर्धा चमचा सोडा दिवसातून दोनदा घेतला, तर निम्म्याहून जास्त कोटा तिथंच संपला. भाजी, लोणचं, पापड, ठेचा अजून बाकीच आहे. आई बीपी आहे म्हणून भाजीत मीठ कमी टाकायची, आणि रात्री सोडा प्यायची. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की हे दोन्ही एकच आहे.

फेसाच्या पावडरीच्या पाकिटावर "स्वर्जिक्षार" असं लिहिलेलं असेल तर तो सोडाच. लवणभास्कर चूर्णाच्या तर नावातच लवण आहे, त्यात मिठाचे प्रकार असतात. कधीतरी एकदा घेतलं तर आभाळ कोसळत नाही. पण बीपी असलेल्या, त्यातही हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या माणसाला रोजची सवय नको.

गुलाबी बाटली: दोन तासांचं अंतर

पातळ अँटासिडमध्ये बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. हे पोटात असताना काही औषधं त्यांना चिकटतात आणि रक्तात कमी पोचतात. बीपीच्या औषधांत ॲटेनोलॉलच्या बाबतीत हे होऊ शकतं. कॅल्शियमची गोळीही ॲटेनोलॉलला असाच त्रास देते. ॲम्लोडिपिनला मात्र या बाटलीनं फरक पडत नाही.

बीपीसोबत बऱ्याच जणांना कोलेस्टेरॉलची रोसुव्हास्टॅटिन चालू असते. ती आणि अँटासिड एकाच वेळी घेतलं तर रोसुव्हास्टॅटिनचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. पैसे पूर्ण गोळीचे, काम अर्ध्या गोळीचं.

उपाय सोपा आहे. इतर गोळ्या आणि ही बाटली यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं. आईला मी एवढंच सांगितलं, "बीपीची सकाळी चहाच्या वेळी, अन् बाटली लागलीच तर दुपारच्या जेवणानंतर." तेवढं तिच्या लक्षात राहिलं.

पंप बंद करणारी कॅप्सूल: वर्षानुवर्षं नको

आता मोठा मुद्दा. "प्राझोल"वाली औषधं चांगली आहेत, अल्सर असलेल्यांचा जीव वाचवतात. अडचण आहे ती काळाची. थोड्या आठवड्यांसाठी दिलेली गोळी लोक वर्षानुवर्षं घेतात.

बराच काळ, साधारण वर्षाच्या वर घेतली तर काही जणांच्या रक्तातलं मॅग्नेशियम कमी होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याचा इशारा २०११ मध्ये दिला. भारतात २०१९ मध्ये औषध नियंत्रकांनी या गटाच्या माहितीपत्रकात किडनीला अचानक होणाऱ्या इजेचा धोका नमूद करायला सांगितलं. बी-१२ सुद्धा कमी होऊ शकतं.

इथं बीपीचं औषध मधे येतं. बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळ्या, म्हणजे क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड वगैरे, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. बऱ्याचदा ही गोळी वेगळी दिसतच नाही. टेल्मिसार्टनच्या नावापुढं "एच" किंवा "सीटी" असं काहीतरी लागलेलं असतं, म्हणजे आत लघवीचं औषध आहे. एक गोळी मॅग्नेशियम आत येऊ देत नाही, दुसरी बाहेर काढते. टाकीचा इनलेट बंद आणि आऊटलेट उघडा. मग पिंडऱ्यांत गोळे, थकवा, हात थरथरणं, छातीत फडफड. आणि मॅग्नेशियम कमी असताना पोटॅशियमच्या गोळ्या देऊनही पोटॅशियम नीट वर येत नाही.

आमच्या आईचं हेच झालं होतं. आम्ही मात्र गोळे येतात म्हणून तिला केळी खायला घालत होतो, आणि "वय झालं तुझं" म्हणत होतो. ती तेव्हा ५३ वर्षांची होती.

कॅप्सूलमधलं दुसरं औषध

उपाशीपोटी घ्यायच्या ज्या कॅप्सूल आपल्याकडं फार खपतात, त्यांच्या नावापुढं बहुधा "डी" किंवा "डीएसआर" असतं. तो डी म्हणजे डोमपेरिडोन, मळमळ-उलटीचं औषध. अशा बऱ्याच कॅप्सूलमध्ये ते ३० मिलिग्रॅम असतं.

डोमपेरिडोननं काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. युरोपच्या औषध संस्थेनं २०१४ मध्ये सांगितलं, हे फक्त मळमळ-उलटीसाठी, कमीत कमी डोसमध्ये, आणि सहसा आठवड्याच्या वर नको. साठीच्या पुढं आणि दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर धोका जास्त. आपल्याकडं ते साध्या जळजळीसाठी वर्षानुवर्षं चालतं.

बीपीशी याचा संबंध दोन ठिकाणी. डिल्टियाझेम आणि वेरापामिल ही बीपी-हृदयाची औषधं डोमपेरिडोनचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. आणि लघवीच्या गोळीनं पोटॅशियम उतरलेलं असेल तर लय बिघडायला आणखी वाव मिळतो. म्हणून घरात डीवाली कॅप्सूल रोज चालू असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "यातलं डोमपेरिडोन खरंच लागतंय का?"

तिसरी जोडी स्टेंट बसवलेल्यांसाठी. त्यांना क्लोपिडोग्रेल नावाची रक्त गोठू न देणारी गोळी असते. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल तिचा जोर कमी करतात. पँटोप्राझोलचा तसा परिणाम कमी असतो, म्हणून डॉक्टर बहुधा ते निवडतात. "प्राझोल प्राझोल सगळे सारखेच" म्हणून मेडिकलवरून बदलून आणू नका.

मूळ कुठं होतं?

आता डॉक्टरांच्या त्या प्रश्नाकडं परत येऊ.

अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक वेटोळं असतं. ते घट्ट मिटलं की ॲसिड वर येत नाही. ॲम्लोडिपिनच्या गटातली औषधं रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतात, म्हणून बीपी उतरतं. पण तीच औषधं काही जणांमध्ये हे वेटोळंही सैल करतात. मग ॲसिड वर येतं, खास करून आडवं झाल्यावर. पायांवरची सूजही याच गोळीनं येऊ शकते. त्या सुजेत पाणी अंगात जास्त झालेलं नसतं, बारीक रक्तवाहिन्या रुंदावून पाणी बाहेर झिरपतं. म्हणून लघवीच्या गोळीनं तिला फारसा उतार पडत नाही.

म्हणजे एका गोळीचे दोन परिणाम, त्यांना दोन नवे आजार समजून दोन नवी औषधं, आणि त्या दोघांचा मिळून तिसरा त्रास. कोडमध्ये आपण हेच करतो. एका पॅचनं काहीतरी मोडतं, मग त्यावर दुसरा पॅच. मूळ कमिट कोणी बघत नाही.

याचा अर्थ ॲम्लोडिपिन वाईट असा अजिबात नाही. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्यात आपल्याकडचे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे सुरुवातीला होते, बहुतेक ठिकाणी पहिली गोळी ॲम्लोडिपिनच धरली आहे, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोन. स्वस्त आहे, दिवसातून एकदा घ्यायची, काम चोख. लाखो लोकांचं बीपी तिनं आटोक्यात आहे. फक्त नवी गोळी लागल्यावर काही नवं दुखणं सुरू झालं, तर ते डॉक्टरांना सांगायला हवं. आईनं ते सांगितलं नाही, कारण तिच्या मते जळजळ हा पोटाचा विषय आणि तो डॉक्टर बीपीचा.

आणि दुखण्याची गोळी राहिलीच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे. तिनं बीपी वाढतं, ॲसिडिटीही वाढते, दोन्ही एकदम. टेल्मिसार्टनसारखं औषध, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी अशी तिन्ही एकत्र आली तर किडनीवर भारी ताण येतो. उन्हात काम, पाणी कमी, वरून हे त्रिकूट. हळद काढणीच्या दिवसांत आमच्याकडं दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातात.

मग आईचं काय झालं?

डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन निम्मं केलं, टेल्मिसार्टन जोडलं, लघवीची गोळी थांबवली. टेल्मिसार्टनच्या गटानं ती सूजही उतरायला मदत होते. डीवाली कॅप्सूल बंद, साधी पँटोप्राझोल हळूहळू कमी करत नेली. एकदम का नाही? कारण बरेच दिवस पंप बंद ठेवला आणि अचानक उघडला, की काही आठवडे ॲसिड आधीपेक्षा जास्त येतं. लोकांना वाटतं, "बघा, गोळीशिवाय जमतच नाही," आणि परत चालू करतात.

खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवल्या, साधारण सहा इंच. रात्रीचं जेवण आठच्या आत, जेवण आणि झोप यात तीन तास. मिश्री सोडायला सांगितली, तंबाखूनं बीपीही वाढतं आणि ते वेटोळंही सैल पडतं. खरं सांगायचं तर मिश्री पूर्ण सुटलेली नाही. ठेचाही सुटलेला नाही. जळजळ महिन्यातून दोन-चारदा होते. बीपी कधी कधी १४०च्या वर जातं. पण फडफड थांबली, गोळे थांबले, पाय चपलेत मावतात. आठाची चार औषधं झाली.

तुमच्यासाठी काम

तुमच्या हातात मोबाईल आहे, म्हणून हे काम तुमचं आहे. या दिवाळीत घरी जाल तेव्हा करा.

घरातली सगळी औषधं एका जागी आणा. गोळ्याच नाही, बाटली, चूर्ण, सोडा, बाम सोडून सगळं. प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, जिथं बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं. ब्रँडचं नाव बदलतं, ते नाव बदलत नाही. मग एक यादी करा: औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कधी घेतात, कधीपासून, कोणी दिलं. शेवटचे दोन रकाने सगळ्यांत महत्त्वाचे. "कोणी दिलं" समोर "शेजारच्या काकू" निघालं तर तिथं खूण करा. यादी फॅमिली ग्रुपवर पिन करून ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरकडं गेलं की आधी ती दाखवा.

औषधं तपासायची ॲप आहेत, पण एक सांगतो. त्यात दोन नावं टाकली की बऱ्याचदा लाल-पिवळं काहीतरी येतंच. ते पाहून निर्णय घेऊ नका, प्रश्न तयार करा. विचारायचे प्रश्न तीन: ही ॲसिडिटीची गोळी किती दिवस? बीपीच्या गोळीनं तर जळजळ होत नाही ना? लघवीची गोळी चालू आहे, तर सोडियम-पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासायचं का?

बीपीची गोळी मनानं बंद करायची नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी तर अजिबात नाही, अचानक थांबवली तर छातीत दुखणं उसळू शकतं.

एखाद्या औषधाचा त्रास झाला असेल तर तो सरकारकडं नोंदवताही येतो. भारताचा औषध सुरक्षा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. डॉक्टरच लागतो असं नाही, रुग्ण किंवा घरचे लोकही कळवू शकतात.

आणि शेवटचं, हे कान देऊन ऐका. प्रत्येक जळजळ ॲसिडिटीची नसते. छातीत दाब, घाम, दम लागणं, जबड्यात किंवा हातात कळ, यातलं काही सोबत असेल तर सोडा घोळत बसू नका. बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक नुसता "गॅस" वाटू शकतो. बीपी असलेल्या माणसाच्या बाबतीत तर ही शंका आधी घ्यायची. १०८ला फोन करा आणि निघा. ॲसिडिटी निघाली तर हसत परत या.

मी सहा वर्षं रोज फोनवर "जेवलीस का?" विचारत होतो. आता त्याच्यापुढं अजून एक प्रश्न विचारतो, "नवी गोळी कोणती चालू केलीस का?" परवा म्हणाली, "न्हाई रे बाबू. आता तुला इचारल्याबिगर चूर्णबी खात न्हाई." मी म्हटलं, मला नको विचारूस, डॉक्टरांना विचार. मी फक्त यादी ठेवतो.

तुमच्या घरच्या यादीत किती औषधं निघाली, ते आकड्यात कळवा. नावं नकोत, आकडा पुरे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.